पिवळ्या रेषेआतले टेंभरे सर

फोनवर कोणी "मायसेल्फ अमुक अमुक" म्हणून सुरुवात केली की मला अजूनही टेंभरे सर दिसतात. इलॅस्टिकचा टाय, काखेत इंग्रजी पेपरची घडी आणि आशीर्वाद दिल्यासारखे पसरलेले दोन्ही हात. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं म्हटलं तर अन्याय होईल. त्यांना इंग्रजीतली काही वाक्यं येत होती, आणि ती ते पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबशांसारखी वापरत. कोणी आलं की काढायची, गेलं की पुसून पुन्हा कपाटात.

गोंदियात कुडव्याला एका सायकलच्या दुकानावर त्यांचा 'लंडन स्पोकन इंग्लिश' हा क्लास होता. मोबाइलवर इंटरनेट यायच्या आधीची ही गोष्ट. कॉल सेंटर हा शब्द गोंदियात नुकता पोचला होता, आणि घरोघरी एखादं पोरगं किंवा पोरगी नागपूरला नाहीतर पुण्याला जाऊन फोनवर इंग्रजी बोलणार होती. सरांनी ही हवा बरोबर ओळखली. त्याआधी त्याच जागेत ते टायपिंगचा क्लास चालवत. कापड टाकून झाकलेले टाइपरायटर कोपऱ्यात तसेच होते. आम्ही त्यांच्यावर पिशव्या ठेवायचो. काखेतला पेपर रोज नवा असे एवढं खरं. एकदा तो हातातून निसटून जमिनीवर पडला, तेव्हा आतली पानं एकमेकांना चिकटलेलीच होती.

मी तिथं कशी, तर मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. वाचायला-लिहायला इंग्रजी मला सोपं जायचं, पण बोलायचं म्हटलं की कुठलीच भाषा तोंडातून निघत नसे. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. क्लासनं जीभ सुटेल असं बाबांना वाटलं. त्यांनी मला स्कूटरवरून नेऊन सरांपुढे उभं केलं. "हिला येतं सगळं, फक्त बोलत नाही."

"नो प्रॉब्लेम," सर म्हणाले. "हम बुलवाएंगे." मग माझ्याकडे वळून, "व्हॉट इज युवर गुड नेम?"

मी नाव आणि आडनाव सांगितलं.

"गुड. बट यू मस्ट इम्प्रूव्ह युवर प्रोनन्सिएशन."

माझ्या शाळेतल्या सिस्टर हे ऐकून काय म्हणाल्या असत्या, याचा विचार करत मी मागच्या बाकावर जाऊन बसले. सरांबद्दल माझं जे मत झालं, ते त्याच मिनिटाला झालं. पुढं त्यात भर पडत गेली, बदल झाला नाही.

क्लासच्या दारात त्यांनी पिवळ्या ऑइलपेंटनं एक जाड रेषा मारली होती. "चप्पल बाहर, मातृभाषा बाहर," असं ते रोज सांगत. रेषेच्या आत मराठी किंवा हिंदी शब्द तोंडून गेला की शिक्षा म्हणून बाहेर जिन्यावर चपलांपाशी उभं राहायचं, आणि इंग्रजीत एखादं वाक्य जुळलं की परत आत यायचं. याचा परिणाम असा झाला की आत कोणी बोलतच नसे. खाली दुकानात सायकलमध्ये हवा भरल्याचा आवाज वर स्पष्ट ऐकू येई. सगळ्या गोंदियात इतका शांत वर्ग दुसरा नसेल, आणि तो बोलायला शिकवण्याचा होता. माझ्यासारखीची तिथं चांगली सोय झाली. नियम सरांना लागू नव्हता. ते रेषेच्या आत उभे राहून हिंदीत इंग्रजीचं महत्त्व सांगत. "इंग्लिश इज नॉट अ लँग्वेज, बच्चो. इंग्लिश इज अ कॉन्फिडन्स."

ज्यांना गप्पा मारायच्या असत ते मुद्दाम एखादा मराठी शब्द टाकून बाहेर जात. खरा क्लास जिन्यावर भरे. वैशाली मेश्राम तर जिन्यावरच राहायला आलेली होती.

ती कोहमाऱ्याच्या पुढच्या एका गावातून यायची. बाप ढाब्यावर चहाची भट्टी सांभाळायचा, धानाच्या दिवसांत रोवणीला, कापणीला जायचा. बाकीच्यांना इंग्रजी कशाला हवं हे नीट सांगता येत नव्हतं. वैशालीला येत होतं. तिची आई नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात भरती होती, तेव्हा तिथल्या रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यांशी इंग्रजी मिसळून बोलायची, आणि वैशालीचा बाप हातात कागद घेऊन चुकीच्या खिडक्यांपुढे उभा राहायचा.

"त्या काउंटरच्या मांगं मी बसीन," ती म्हणायची. "साहेबाशी इंग्रजीत बोलीन. आन् आमच्या मानसाले आमच्या बोलीत सांगीन, कोन्या खोलीत जाचं हाये ते."

त्याच दवाखान्यात रिसेप्शनच्या जागा निघणार असल्याचं तिनं ऐकलं होतं. आणि ते जमलं नाही तर मामानं एक स्थळ आणून ठेवलेलंच होतं.

एकदा चुकून माझ्या तोंडून मराठी शब्द गेला आणि मीही जिन्यावर आले. ती सरकली, मला पायरीवर जागा दिली.

"ए कॉन्व्हेंट, जरा थांबा म्हनाचं असन तं काय म्हणू? सर म्हणते, वेट. वेट तं कुत्र्याले म्हटल्यावानी वाटते."

मी हळूच सांगितलं, "प्लीज हॅव अ सीट."

"आन् सीट नसन तं?"

मला हसू फुटलं. मोठ्यानं, कोणाच्या तरी देखत. आतून सरांचा आवाज आला, "सायलेन्स ऑन द स्टेअर्स!" त्यानंतर माझ्या तोंडून मराठी शब्द वरचेवर चुकून जाऊ लागले.

सरांच्या शिकवणीचा गाभा म्हणजे 'सेल्फ इंट्रोडक्शन'. ते एकच होतं. फळ्यावर लिहिलेलं, कधीही न पुसलेलं. सगळ्यांनी तेच पाठ करायचं. सगळ्यांचा छंद गाणी ऐकणं आणि मित्र जोडणं, सगळ्यांचं ध्येय कंपनीच्या सोबत वाढत जाणं. रिकाम्या जागा दोनच होत्या, नाव आणि वडील. वडिलांच्या जागी सर आपल्या हातानं सुधारणा करत. राइस मिलमधला हमाल 'राइस इंडस्ट्री'त गेला. तलावात जाळं टाकणारा 'फिशरीज डिपार्टमेंट'मध्ये.

"वैशाली, युवर फादर?"

"भट्टीवर, सर... सॉरी. टी. फादर मेक टी."

"हॉटेल लाइन," सर म्हणाले. "माय फादर इज इन हॉटेल लाइन. लिखो. और नाम सिर्फ वैशाली बोलना. सरनेम की जरूरत नहीं. इंटरव्ह्यूत पॅनलला शॉर्ट आवडते."

तिच्या आधी उभ्या राहिलेल्या शर्माकडून त्यांनी पूर्ण नाव खणखणीत वदवून घेतलं होतं. माझं आडनाव तर ते स्वतःच मोठ्यानं घेत. मेश्राम म्हटलं की आमच्याकडे जात वेगळी विचारावी लागत नाही. वैशाली उभीच राहिली. सरांच्या नियमातलं इंग्रजी तिला त्या वेळी पुरलं नसावं.

"शर्माले तं पूरं नाव बोलाले लावलं, सर. मले काऊन नाई?"

 सरांनी बोट दाराकडे केलं. "मराठी! आउट."

मी त्या माणसाला हसत आले होते. त्या दिवशी कळलं की तो नुसता हसण्यासारखा नाही. ती रेषा त्यांनी इंग्रजीसाठी मारली असेल, पण ती दाखवून कोणालाही गप्प करता येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वैशाली बाहेर गेली. रेषेच्या पलीकडे, चपलांच्या मधे उभी राहिली आणि आत बघून म्हणाली, "मेश्राम. माय नेम इज वैशाली मेश्राम." इंग्रजी वाक्य जुळलं होतं. नियमानं तिला आत घ्यायला हवं होतं. सर फळा वाचत राहिले.

त्यानंतर निघालं 'आउटडोअर प्रॅक्टिकल'. जंगल बघायला जाणारे परदेशी पाहुणे कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहाला थांबतात असं सरांनी ऐकलं होतं. दोन जीपमध्ये आम्हाला कोंबून ते घेऊन गेले. ढाबा वैशालीच्या बापाचाच, म्हणजे तो जिथं भट्टीवर असे तो. बापानं लेकीला पाहिलं, सरांना वाकून नमस्कार केला आणि आमच्यासाठी चहा टाकला. सरांनी त्याला ओळख विचारली नाही.

आणि खरंच एक गाडी थांबली. म्हातारं गोरं जोडपं उतरलं, गळ्यात दुर्बिणी. आम्ही सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. त्या जोडप्यानंही टाय पाहून सरांकडेच पाहिलं. बाई हसून काहीतरी म्हणाली, लांबलचक. सरांनी गळ्याला हात लावला.

"थ्रोट," ते आमच्याकडे बघून कुजबुजले. "इन्फेक्शन. यू स्टार्ट." आणि हात धुवायच्या नळामागे जाऊन उभे राहिले. नळ सोडून ते बराच वेळ हात धूत होते.

कोणी हललं नाही. मला त्या बाईचा शब्दन् शब्द कळला होता, पण माझी जीभ घरीच राहिली होती. वैशाली उठली. भट्टीपाशी गेली, चहाचे दोन ग्लास घेऊन आली.

"टी. शुगर मच. ओके?"

बाईनं घोट घेतला, फार छान झालाय म्हणाली. वैशालीनं भट्टीकडे बोट केलं. "माय फादर. ही मेक." त्या दोघांनी तिथं जाऊन त्याला हात जोडले. त्यानं हात पंचाला पुसून जोडले. मग त्यांनी पक्ष्यांबद्दल विचारलं, आणि वैशाली हात पसरून, मान उंच करून त्यांना धानाच्या शेतातले सारस पक्षी करून दाखवू लागली. "टू. ऑलवेज टू. माय व्हिलेज, पॅडी, मॉर्निंग." तिच्याकडे शब्द कमी होते, पण समोरचा माणूस काय विचारतो आहे याकडे तिचं पूर्ण लक्ष होतं. क्लासमध्ये ही गोष्ट कोणी कधी शिकवली नव्हती.

म्हाताऱ्यानं कॅमेरा काढला तसा सरांचा गळा बरा झाला. ते नळामागून आले आणि बरोबर मधे उभे राहिले. महिन्याभरात क्लासच्या खाली नवीन फ्लेक्स लागला. 'विदेशी तज्ज्ञांची क्लासला भेट.' दोन गोरे, मधे सर. डाव्या कडेला एक कापलेला हात होता, चहाचा ग्लास धरलेला.

"हात तं माहाच हाये ना," वैशाली म्हणाली. "तेवढं तं ठेवलन् बिचाऱ्यानं."

दवाखान्याच्या जागा निघाल्या. क्लासमधल्या पाच-सहा मुली अर्ज करून बसल्या, आणि सर कोट घालून स्वतः त्यांना रेल्वेनं नागपूरला घेऊन गेले. मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी वैशालीनं जिन्यावर सगळं करून दाखवलं. मुली एकामागून एक आत जात होत्या आणि फळ्यावरचं तेच इंट्रोडक्शन म्हणून बाहेर येत होत्या. सगळ्या एकाच दमात, एकाच जागी थांबून. बाहेर सर प्रत्येकीला विचारत होते, "पूरा बोला ना?"

"माहा नंबर शेवटी. तवापर्यंत तं पॅनल हासून हासून थकली होती. एक मॅडम म्हणे, यू आल्सो लाइक मेकिंग फ्रेंड्स?"

"मग?"

"मी म्हटलं, नो मॅडम. आय हॅव टू फ्रेंड्स. इनफ."

त्या दोघांतली एक मी, हे मला तेव्हा कळलं. 

मग तिनं नाव सांगितलं, आडनावासकट. बाप कोहमाऱ्याला चहा करतो हे सांगितलं. हीच नोकरी का हवी असं विचारल्यावर बापाची आणि खिडक्यांची गोष्ट सांगायला लागली. मधेच इंग्रजी संपलं, हिंदी संपली, तेव्हा त्या मॅडमच म्हणाल्या, मराठीत सांग. तिनं सांगितलं.

"लागन का वो?" तिनं मला विचारलं. एवढं घाबरलेलं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. "मामा रविवारी सुपारी घेऊन येऊन राहिला."

निकाल फोनवर कळणार होता. तिच्या घरी फोन नव्हता, म्हणून अर्जावर क्लासचा नंबर होता. सोमवार गेला, मंगळवार गेला. ती रोज सरांना विचारायची. सर म्हणायचे, "हॅव पेशन्स." एवढं एक वाक्य ते नेहमी बरोबर म्हणत.

शनिवारी सकाळी बस गोंदियात शिरली आणि चौकात वैशालीला खिडकीतून स्वतःचा चेहरा दिसला. माणसापेक्षा मोठा फ्लेक्स. 'लंडन क्लासची आणखी एक गगनभरारी! मिस वैशाली एम. यांची नागपूरच्या नामांकित रुग्णालयात निवड.' बाजूला सर, हात पसरून. फोन सोमवारीच आलेला होता. सरांनी तो घेतला, आभार मानले आणि फ्लेक्सवाल्याकडे गेले. छपाईला जितके दिवस लागले तितके दिवस त्यांनी तिला पेशन्स ठेवायला सांगितलं. तिला येत्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. मधे रविवार, आणि रविवारी मामा.

ती धावत जिना चढून आली तेव्हा सर पेढे वाटत होते. तिला वाटलं ते विसरले असतील. तिनं विचारलंही तसं.

"सरप्राइज!" सर म्हणाले.

वैशाली पेढा न घेता खाली उतरली आणि पहिल्या बसनं घरी गेली. मामाला तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. सोमवारी ती नागपूरला होती एवढं माहीत आहे. फ्लेक्स पावसापर्यंत चौकात होता. क्लासची नवी बॅच त्याच्या जोरावर भरली. मी त्याच आठवड्यात जाणं बंद केलं. बाबांनी कारण विचारलं, मी बोलले नाही, आणि क्लासचा काहीच उपयोग झाला नाही असं त्यांनी ठरवलं.

टेंभरे सरांना मी शेवटचं पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, नागपूरलाच. मलाही तिथं नोकरी लागली होती, कागदांवरची, फारसं बोलावं न लागणारी. कधी कधी दुपारी दवाखान्यात वैशालीकडे डबा खायला जायचे. ती आता काउंटरवरची सगळ्यात जुनी होती. त्या दिवशी ती मोकळी व्हायची वाट बघत मी बाकावर बसले होते. समोर आयसीयूचा दरवाजा, दरवाजाबाहेर चपलांचा ढीग आणि चपलांपाशी टेंभरे सर. टाय नव्हता, पायात काही नव्हतं. त्यांच्या बायकोला सकाळी आणलं होतं, असं वैशालीनं मला डोळ्यांनी खुणावून मग चिठ्ठीवर लिहून दाखवलं.

एक तरुण डॉक्टर बाहेर आला. "पेशंटचे कोण?" त्यानं चांगलं मराठीत विचारलं.

सर पुढे झाले. "मायसेल्फ प्रोफेसर टेंभरे. फ्रॉम इंग्लिश फील्ड."

डॉक्टरनं मान डोलवली आणि मग तो इंग्रजीत बोलू लागला, भराभर. बाई आधीपासून कोणत्या गोळ्या घेतात, कधीपासून, कुठल्या औषधाची कधी रिअॅक्शन आली होती का.

"यस, डॉक्टर," सर म्हणाले.

डॉक्टरनं पुन्हा विचारलं. कोणत्या?

"नो प्रॉब्लेम, डॉक्टर. थँक यू."

डॉक्टर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. आत कोणीतरी हाक मारली तसा तो आत गेला. मला सरांची दया यायला हवी होती. आली नाही. दाराच्या आत बायको होती, आणि हा माणूस अजून आपली कपबशी सांभाळत होता.

वैशाली काउंटर सोडून उठली. सरांजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, बाईले कोन्ती गोळी चालू हाये, थे पुसून राहिले होते डॉक्टर."

सरांनी आधी आजूबाजूला पाहिलं. कोणी ऐकतंय का ते. मी बाकावरच्या मासिकात डोकं खुपसलं. मग त्यांच्या तोंडून जी बोली निघाली ती मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती.

"बीपीची घेते. आन् एक लाल पुडीतली, हार्टची म्हणते. नाव नाई मालूम, पोरी. पुडी घरी हाये. तिले काय होऊन राहिलं?"

"घरी फोन लावा. पुडीवरचं नाव वाचाले सांगा कोनाले तरी. मी आत सांगून येतो."

त्यांनी फोन लावला. पलीकडच्यानं एकेक अक्षर सांगितलं, सरांनी एकेक अक्षर म्हटलं, वैशालीनं लिहून आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर पुन्हा आला आणि या वेळी वैशाली मधे उभी राहिली. डॉक्टर तिला सांगत होता, ती सरांना. गोळीचं नाव वेळेत कळलं ते बरं झालं, औषध बदललंय, सध्या ठीक आहे, संध्याकाळी भेटता येईल. सर खाली मान घालून ऐकत होते. एकदाही यस म्हणाले नाहीत.

तेवढ्यात गोंदियाहून त्यांचे साळे आणि दोन-तीन नातेवाईक आले. सर ताठ झाले. त्यांचा हात गळ्याशी गेला, टायची गाठ शोधू लागला, ती नव्हती. मग त्यांनी काउंटरकडे हात केला.

"घाबरायची गोष्ट नाही. सगळं आपल्या हातात आहे. ही पहा, आपली स्टुडंट. लंडन क्लास. हिला मीच बोलायला शिकवलं. मिस वैशाली एम."

वैशाली काउंटरमागे परत बसली होती. तिच्यासमोर एक म्हातारा हातात कागद धरून उभा होता. तिनं त्याचा कागद घेतला, वाचला, आणि मान वर न करता, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मेश्राम."

मग म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबाजी, तुमाले तिकडच्या खोलीत जाचं हाये. या, दाखवतो."

चपलांमध्ये अनवाणी उभे असलेले सर दोन्ही हात पसरून नातेवाइकांकडे बघून हसले.

"यस, यस," ते म्हणाले. "नो प्रॉब्लेम."